‘अर्स’ : एका आडनावाचे मूळ

म्हैसूर शहराच्या पश्चिम अंगाला जयलक्ष्मीपुरम नावाची एक वसाहत आहे. तिच्या शेजारीच वाणीविलास मोहल्ला, आणि जवळच कुक्करहळ्ळी तलावाच्या काठी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर. त्या परिसरात एका उंचवट्यावर जयलक्ष्मी विलास हा भव्य वाडा उभा आहे. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांची थोरली कन्या जयलक्ष्मी अम्मण्णी हिच्यासाठी १९०५ च्या सुमारास तो बांधण्यात आला. पुढे कविवर्य कुवेंपु हे म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना विद्यापीठाचा नवा परिसर या बाजूला वसला आणि त्याला ‘मानसगंगोत्री’ हे नाव मिळाले. वाडाही विद्यापीठाकडे आला, आणि १९६८ मध्ये त्यात लोकसाहित्याचे संग्रहालय सुरू झाले.

राजकन्येचे नाव वाड्याला मिळाले आणि वसाहतीलाही मिळाले. तिच्या आईचा ‘वाणीविलास’ हा किताब शेजारच्या मोहल्ल्याला मिळाला. मायलेकी अशा नकाशावर एकमेकींना लागून राहिल्या. परंतु या वाड्याचा इतिहास वाचू लागले की राजकन्येच्या पतीचे नाव समोर येते, आणि बाहेरचा वाचक तेथे हमखास अडखळतो. हे पती म्हणजे सरदार कांतराज, विश्वेश्वरय्यांच्या मागोमाग म्हैसूरचे दिवाण झालेले गृहस्थ. त्यांचे आडनाव इंग्रजीत अवघ्या तीन अक्षरांचे आहे : यू, आर, एस. हे वाचायचे कसे, आणि याचा अर्थ काय?

मराठी माणसाच्या मनात पहिल्याने येतो तो ‘उरूस’. पिराच्या दर्ग्यावर भरणारा उरूस महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांना परिचित आहे. मूळ अरबी ‘उर्स’ या शब्दाचा अर्थ विवाह. साधूचा मृत्यू म्हणजे त्याचे परमेश्वराशी झालेले मीलन, या सूफी कल्पनेमुळे त्याची पुण्यतिथी ‘उर्स’ ठरली. म्हैसूरपासून थोड्याच अंतरावर श्रीरंगपट्टण येथे टिपू सुलतानाच्या समाधीवर दरसाल उरूस भरतो, आणि इंग्रजीत त्याची जाहिरात करताना तीच तीन अक्षरे योजली जातात. तेव्हा परस्थ माणसाने या दोन शब्दांची सांगड घातली तर त्याला दोष देता येणार नाही. स्वित्झर्लंडमधून आलेला पाहुणा याहून वेगळ्या वाटेने चुकेल. त्याच्या देशात ‘उर्स’ हे पुरुषाचे नेहमीचे नाव आहे. लॅटिनमधील ‘उर्सुस’ म्हणजे अस्वल, त्यावरून ते आले, आणि झोलोटुर्न नगराच्या संत उर्ससमुळे रूढ झाले. म्हणजे एकाच स्पेलिंगात कोणाला लग्न दिसते, कोणाला अस्वल. म्हैसूरच्या सरदारांचा या दोहोंशी काडीचा संबंध नाही.

यातील घोटाळा पहिल्या अक्षराचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्रज लोक आपल्याकडील ऱ्हस्व ‘अ’ हा उच्चार बहुधा ‘यू’ या अक्षराने दाखवीत. त्यांच्या कानांनी तो ‘कप’, ‘सन’ या शब्दांतला स्वर म्हणून ऐकला. जंगल, चटणी, पंखा, बंगला हे शब्द इंग्रजीत गेले ते याच ‘यू’ने, पंजाब आणि कच्छ यांची जुनी स्पेलिंगेही याच रीतीची, आणि ‘सती’ हा शब्द त्या लिपीत असा काही अवघडला आहे की सांगितल्यावाचून ओळखू येत नाही. पुढे १८७० नंतरच्या दशकात विल्यम हंटर यांच्या खटपटीने ‘अ’साठी ‘ए’ हे अक्षर वापरण्याची एकसूत्री पद्धत सरकारने स्वीकारली आणि गावांची नावे हळूहळू त्याप्रमाणे बदलली. माणसांच्या आडनावांना मात्र असा सरकारी नियम लागू होत नाही. ज्या घराण्याची सही एकदा जशी पडली तशीच ती पुढे चालते. हे आडनाव जुन्या रीतीत अडकले आणि तसेच राहिले. तेव्हा त्याचा योग्य उच्चार ‘अर्स’. कन्नडमध्ये मूळ शब्द आहे ‘अरसु’, आणि त्याचा अर्थ राजा.

‘अरसु’चे बोलण्यात ‘अर्स’ कसे झाले याचा पुरावा मिरजेहून बंगळूरला जाणाऱ्या प्रवाशाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. हुबळी, दावणगेरे मागे पडल्यावर आर्सीकेरी नावाचे मोठे जंक्शन लागते. तेथूनच हासनमार्गे म्हैसूरला जाणारा फाटा फुटतो. या गावाचे खरे नाव ‘अरसीकेरे’. ‘अरसी’ म्हणजे राणी आणि ‘केरे’ म्हणजे तळे, राणीचे तळे. बोलण्याच्या ओघात मधला ‘र’ पांगळा झाला आणि रेल्वेच्या पाटीने ते पांगळेपण कायम केले. ‘अरसु’चे तेच झाले. शेवटचा उकार कन्नडमध्ये तसाही हलका असतो. तो गेला, मधला अकार गेला आणि उरली ती दोन अक्षरे. एक गंमत अशी की, ‘अरसु’ हा कन्नडमध्ये क्रियावाचक शब्दही आहे आणि त्याचा अर्थ ‘शोधणे’. परंतु आडनावातला शब्द तो नव्हे.

‘अरसु’ हा शब्द कोठून आला, याबद्दल पंडितांत दोन मते आहेत. तो अस्सल द्राविडी आहे, असे काहींना वाटते. परंतु ‘राजा’ याच शब्दाचे ते दाक्षिणात्य रूप आहे हा पक्ष अधिक सयुक्तिक दिसतो. द्राविड भाषांच्या जुन्या प्रकृतीला शब्दारंभीचा ‘र’ किंवा ‘ल’ मानवत नाही. त्याच्या आधी एखादा स्वर लावल्याशिवाय त्यांची जीभ वळत नाही. म्हणून तमिळमध्ये राम हा ‘इरामन’ होतो, लोक हा ‘उलगम’ होतो आणि श्रीरंगम हे ‘तिरुवरंगम’ होते. त्याच न्यायाने ‘राजा’च्या मागे ‘अ’ लागला, ‘ज’चा ‘स’ झाला, आणि तमिळमध्ये ‘अरसन’ व कन्नडमध्ये ‘अरस’ किंवा ‘अरसु’ ही रूपे सिद्ध झाली. कन्नडमध्ये राजवाड्याला ‘अरमने’ म्हणतात, म्हणजे अरसाचे ‘मने’, राजाचे घर. तमिळ लोक पिंपळाला ‘अरस मरम’ म्हणतात. वृक्षांमधील राजा तो.

हा शब्द एके काळी आपल्या मुलखातही ऐकू येत होता. पालघर जिल्ह्यातील मनोर येथे सापडलेले ताम्रपट सातव्या शतकाच्या अखेरीचे आहेत आणि ते देणारा चालुक्य राजपुरुष आपले नाव ‘मंगलरस’ असे सांगतो. यातला ‘अरस’ आणि म्हैसूरचा ‘अर्स’ एकच. मूळ बदामीचे हे कन्नड घराणे राज्य करीत उत्तर कोकणापर्यंत आले तेव्हा आपली पदवी बरोबर घेऊन आले. याच्या उलट दिशेचा प्रवास श्रवणबेळगोळला पाहावयास मिळतो. गोमटेश्वराच्या पायाशी ज्या ओळी कोरल्या आहेत त्यांत ती मूर्ती घडवून घेणाऱ्याचे नाव तीन भाषांत आले आहे. कन्नडमध्ये तो ‘चामुंडराजं’ आहे, तमिळमध्ये ‘चामुंडराजन’ आणि मराठीत ‘चावुंडराज’. मराठीच्या अभ्यासकांनी त्या ओळीचा विचार आजवर क्रियापदासाठी आणि विभक्तीसाठी केला; त्यातील ‘राजा’कडे फारसे कोणी पाहिले नाही. वस्तुतः चामुंडराय हा राजा नव्हता. तो गंग राजांचा मंत्री आणि सेनापती. राजाच्या निकट असलेल्या पुरुषाला राजपदाचा शब्द नावामागे लावण्याची मुभा होती, एवढेच यावरून दिसते.

म्हैसूरच्या अर्स मंडळींचा उलगडा येथे होतो. म्हैसूरच्या सिंहासनावर बसणारा पुरुष ‘अरसु’ म्हणवून घेत नसे. त्याचा किताब ‘ओडेयर’, ज्याचे मराठीत आपण वडियार किंवा वाडियार करतो. ‘ओडेय’ म्हणजे धनी, मालक. ‘ओडेयर’ हे त्याचे आदरार्थी रूप. आणि ‘अरसु’ कोण? तर ज्या घराण्यांशी या धन्याची सोयरीक होते ती राजाची भाऊबंद घराणी. कळले, बेट्टदकोटे ही त्यांतली नामांकित नावे. म्हणजे शब्दार्थाने ज्यांचे आडनाव ‘राजा’ ते सिंहासनावर बसत नाहीत, आणि सिंहासनावर जो बसतो तो नुसता ‘धनी’. इंग्लंडात ‘किंग’ आडनावाची हजारो माणसे आहेत. त्यांच्या पूर्वजांपैकी कोणी जत्रेतल्या सोंगात राजा झाला होता, कोणी राजवाड्यात चाकरीला होता. आपल्याकडे ‘राऊळ’ हा राजकुलाचा अपभ्रंश आणि ‘राऊत’ हा राजपुत्राचा. ती आडनावे धारण करणारे किती लोक आज नांगर धरतात किंवा कचेरीत कारकुनी करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हैसूरच्या अर्सांचे इतके दूरचे नव्हते. त्यांचे राजघराण्याशी असलेले नाते जिवंत होते, आणि कधीकधी फारच जिवंत.

कळले हे गाव नंजनगूडजवळचे. सतराव्या शतकापासून म्हैसूरच्या दळवायपदावर, म्हणजे सेनापतिपदावर, या घराण्याचा हक्क चालत आला. मराठीतील दळवी, दलवाई ही आडनावे याच ‘दळ’ शब्दाची भावंडे. अठराव्या शतकाच्या मध्यावर तर ओडेयर नावाचे धनी राहिले आणि राज्याची सूत्रे कळल्याच्या देवराज व नंजराज या भावांच्या हाती गेली. १७५७ साली नानासाहेब पेशव्यांची फौज श्रीरंगपट्टणावर चालून आली तेव्हा खंडणीचा करार करण्याची पाळी या नंजराजावर आली. पुढे त्याच्याच पदरी वाढलेल्या हैदरअलीने १७६१ मध्ये त्याला आणि त्याच्या धन्यालाही बाजूला सारले. जो शब्द राजाचा होता तो वागवणारे लोक काही काळ खरोखरीच राजे झाले होते, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र त्यांनी सिंहासनावर पाऊल ठेवले नाही. आपल्याकडील सातारा आणि पुणे यांचे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे हे लगेच कळते.

सिंहासनावर जाण्याची अर्सांची वाट निराळी होती. तिसरे कृष्णराज वडियार यांना औरस पुत्र नव्हता. १८३१ पासून राज्याचा कारभार इंग्रजांनी आपल्याकडे घेतला होता, आणि वारस नाही म्हणून ते कायमचे खालसा होण्याचे भय होते. झाशीचे आणि साताऱ्याचे जे झाले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. वृद्ध महाराजांनी १८६५ मध्ये बेट्टदकोट्याच्या चिक्क कृष्णराज अर्स यांचा दोन वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तो दत्तक मानावयास इंग्रज सरकार प्रथम तयार नव्हते. १८६७ मध्ये ते वळले. हा मुलगा म्हणजेच दहावे चामराज वडियार, जयलक्ष्मी अम्मण्णीचे वडील. १८८१ मध्ये राज्य त्यांच्या स्वाधीन झाले. जन्मतः ते अर्स होते. गादीवर बसताना ते नाव गळले आणि वडियार हे नाव आले. राजा होण्यासाठी ‘राजा’ हे नाव टाकावे लागते, असा हा प्रकार आहे.

त्यांनी पत्नी केली ती कळले घराण्यातील केंपनंजम्मण्णी. चामराजांचा १८९४ च्या डिसेंबरात कलकत्त्यास अकाली अंत झाला. तेव्हा मुलगा लहान म्हणून याच बाईंनी १८९५ ते १९०२ पर्यंत म्हैसूरचा राज्यकारभार पाहिला. सरदार कांतराज अर्स हे त्यांचे बंधू. म्हणजे जयलक्ष्मी अम्मण्णीचे ते सख्खे मामा, आणि मामाशीच तिचा विवाह झाला. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न होते; दक्षिणेत खुद्द मामाशी होते, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. अर्सांची मुलगी वडियारांकडे महाराणी होऊन गेली, तिची मुलगी अर्सांकडे परत आली. नावे अशी सोयरिकीच्या धाग्याने इकडून तिकडे जात येत राहिली. स्त्रियांना मात्र यांपैकी कोणतेच आडनाव लागत नसे. त्यांच्या नावापुढे ‘अम्मण्णी’ हा आदराचा शब्द येई आणि तेवढे पुरे होई. वसाहत ‘जयलक्ष्मीपुरम’ झाली आणि तिच्यावर ना वडियारांचा शिक्का बसला, ना अर्सांचा, याचे कारणही हेच असावे.

या दिवाणांच्या नामावळीत मराठी माणसाने जरा थांबावे असे काही आहे. १९०६ ते १९०९ या काळात म्हैसूरचे दिवाण व्ही. पी. माधवराव होते. ते कुंभकोणमचे, तंजावरच्या मराठी मंडळींपैकी. त्याच गावचे सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण म्हणून सर्वांना परिचित आहेत. ‘राव’ हा शब्दही ‘राजा’चाच, प्राकृतात ‘राय’ होऊन तो आपल्याकडे आला. सर टी. माधवराव तो इंग्रजीत लिहीत तेव्हा त्याचे स्पेलिंग ‘रांग’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखे होई, आणि नवशिक्या साहेबाला त्यात नाव वल्हवण्याचा भास होत असेल तर नवल नाही. म्हणजे माधवरावांतला ‘राव’ आणि कांतराज अर्सांतला ‘अर्स’ एकाच मुळाच्या दोन डहाळ्या ठरतात. एकाच कचेरीत, एकाच खुर्चीवर दहा वर्षांच्या अंतराने बसलेल्या या दोन गृहस्थांनी ‘राजा’ हा शब्द दोन वेगळ्या वेषांत वागवला. दोघेही राजे नव्हते आणि इंग्रजी स्पेलिंगाने दोघांचाही अर्थ झाकून टाकला होता. ‘कांतराज’मधला ‘राज’ धरला तर त्या एका नावात राजा दोनदा येतो. ही द्विरुक्ती त्या समाजात सर्रास आढळते. नंजराज अर्स, गोपालराज अर्स, देवराज अर्स अशी नावे ठेवणाऱ्यांना ‘अर्स’ हाही राजाच, याचा विसर पडला होता, की आठवण फार होती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कांतराज अर्स यांची दिवाणगिरी १९२२ पर्यंत टिकली. त्यांच्या काळातील एक हुकूम मात्र पुढील पन्नास वर्षे कर्नाटकाच्या राजकारणात गाजत राहिला. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना वाव मिळत नाही, या तक्रारीचा विचार करण्यासाठी महाराजांनी १९१८ मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. या धोरणाशी मतभेद झाल्याने विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडले. समितीच्या शिफारशींवर १९२१ मध्ये जो हुकूम निघाला तो कांतराज अर्स यांच्या कारकिर्दीत. नोकऱ्यांत पुरेसे न आलेले ब्राह्मणेतर समाज मागासलेले गणले गेले आणि त्यांच्यासाठी सवलती ठरल्या.

अर्ध्या शतकानंतर तेच काम पुढे नेणारा माणूसही अर्सच निघाला. देवराज अर्स यांचा जन्म १९१५ चा, हुणसूर तालुक्यातील कल्लहळ्ळीचा. राजघराण्याशी त्यांचे नाते दूरचे, घर शेतकऱ्याचे. १९४१ मध्ये ते म्हैसूरच्या प्रजाप्रतिनिधी सभेवर निवडून आले आणि १९७२ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. मागासवर्गांच्या प्रश्नासाठी त्यांनी एल. जी. हावनूर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला; त्याचा अहवाल १९७५ मध्ये आला. पण त्यांचे नाव खेड्यापाड्यांत पोचले ते जमीन सुधारणांमुळे. १९७४ च्या १ मार्चपासून लागू झालेल्या कायद्याने कुळांना ते कसत असलेल्या जमिनीची मालकी मागण्याचा हक्क मिळाला आणि त्यासाठी तालुक्यातालुक्यांत न्यायाधिकरणे बसली. ‘ओडेय’ म्हणजे धनी, आणि ‘अरसु’ म्हणजे राजा. अरसु आडनावाच्या या मुख्यमंत्र्याने कुळाला त्याच्या जमिनीचा ‘ओडेय’ केले. जुन्या कोशकारांना ही व्युत्पत्ती सुचली नसती.

त्या दिवसांत मराठी वृत्तपत्रांतून त्यांचे नाव ‘देवराज अर्स’ असे छापून येई. उच्चार बरोबर, पण शब्द अर्धा. कन्नड वाचक मात्र ‘देवराज अरसु’ असेच वाचत होता आणि आजही वाचतो. म्हैसूरच्या बाजारपेठेतील प्रमुख रस्त्याला त्यांचे नाव आहे. तेथे कन्नड अक्षरांत तीन अक्षरी ‘अरसु’ दिसतो आणि रोमन अक्षरांत तेच जुने, कुजबुजल्यासारखे स्पेलिंग. बेळगाव-धारवाडच्या सीमेवरून सहज ऐकू येणारे शेजाऱ्याचे नाव आपल्यापर्यंत आले ते वृत्तसंस्थांच्या इंग्रजी तारेवरून. आपल्या शिंद्यांचे इंग्रजांनी ‘सिंधिया’ केले आणि हिंदी वृत्तपत्रांनी ते तसेच उचलले, म्हणून मराठी माणसाला वाईट वाटते. आपणही शेजाऱ्याच्या बाबतीत थोडेबहुत तेच केले आहे.

दिवाण कांतराजांच्या नावाचाही एक रस्ता म्हैसुरात आहे. जयलक्ष्मी विलासात आता लोककलेच्या बाहुल्या, मुखवटे आणि मांडणीची भांडी पाहावयास लोक येतात. आडनावाचा प्रवास मात्र तेथे थांबला नाही. शेवटचे महाराज जयचामराज वडियार यांचे पुत्र श्रीकंठदत्त नरसिंहराज वडियार १० डिसेंबर २०१३ रोजी निपुत्रिक वारले. दीडशे वर्षांपूर्वीचा प्रसंग पुन्हा उभा राहिला. आता राज्य नव्हते, परंतु दसऱ्याचा मान, सिंहासनाची पूजा आणि घराण्याचे नाव होते. २०१५ मध्ये राणी प्रमोदादेवींनी श्रीकंठदत्तांच्या बहिणीच्या नातवाला दत्तक घेतले. त्याचे नाव होते यदुवीर गोपालराज अर्स. त्याच वर्षी २८ मे रोजी म्हैसूरच्या अंबाविलास राजवाड्यात त्याचा पट्टाभिषेक झाला, आणि त्यानंतर तो यदुवीर कृष्णदत्त चामराज वडियार या नावाने ओळखला जाऊ लागला. २०२४ मध्ये म्हैसूर मतदारसंघातून तो लोकसभेवर निवडून गेला तोही याच नावाने. ‘अर्स’ हे आडनाव मागे, भाऊबंदांपाशी राहिले.